लिलावातली खुर्ची

अठराशे ब्याऐंशी सालच्या चैत्रात त्र्यंबकराव परचुऱ्यांना कल्याणच्या कचेरीत अव्वल कारकुनाची जागा मिळाली आणि ठाण्याचं बिऱ्हाड उचलायला हाती चार दिवस उरले. त्यातले दोन दिवस ते खुर्चीला गोणपाट गुंडाळत होते.

खुर्ची महिन्यापूर्वीचीच. खाडीकाठच्या बंगल्यातला एक साहेब कायमचा विलायतेला निघाला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला. कचेरीतल्या कुणी काचेचे दिवे घेतले, कुणी आरसा. त्र्यंबकरावांची नजर मात्र एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर खिळली. काळंभोर शिसवी लाकूड, पेटीसारखा चौकोनी घाट, दोन्ही हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं, बैठकीवर तांबडं कातडं. ती बैठक बिजागरीवर होती. वर उचलली की खाली एक फळी, फळीला मधोमध वाटोळं भोक, आणि त्याखाली चांगला खोल कप्पा.

"गुप्त कागद ठेवायची सोय आहे ही," त्र्यंबकरावांनी घरी आल्यावर बायकोला समजावलं. "साहेबलोक महत्त्वाचे कागद अंगाखाली घेऊन बसतात. उगाच नाही एवढं राज्य चालत."

"आणि ते भोक?" सगुणाबाईंनी विचारलं.

"हात घालायला."

सगुणाबाईंना ते पटलं. न पटायला त्यांनी दुसरी इंग्रजी खुर्ची पाहिली होती कुठे?

सामान खाडीने शिडाच्या पडावातून जायचं होतं आणि नवराबायको आगगाडीने. पडावाच्या तांडेलाने ढिगाकडे पाहिलं आणि एवढं काही मावायचं नाही म्हणाला. मग जातं आणि भांड्यांची मांडणी ठाण्याला नणंदेकडे राहिली आणि खुर्ची पडावात चढली. आठ वर्षांच्या संसारात कुठे बोलून उपयोग होतो आणि कुठे नाही, याचा अंदाज सगुणाबाईंना आला होता.

कल्याणला पारनाक्याजवळ एका घराचा अर्धा भाग भाड्याने मिळाला होता. पुढे ओसरी, मग माजघर, स्वयंपाकघर, आणि परसात विहीर. सामान बंदरावरून बैलगाडीने आलं, बरोबर धाकू हमाल. धाकू शहाडकडचा. ठाण्यात मिळेल ते काम करायचा आणि पडावात बसून आता आपल्या गावच्या वाटेने परत निघाला होता. त्र्यंबकरावांनी सगळ्यात आधी खुर्ची सोडवून माजघरात ठेवली, तिच्यावरून उपरणं फिरवलं आणि ते हजर व्हायला कचेरीत गेले.

सगुणाबाईंच्या हातात देवांची परडी होती. जमीन नुकतीच सारवलेली, अजून ओली. चहूकडे गाठोडी आणि सामानाचे हारे. उंच, कोरडी, स्वच्छ अशी एकच जागा दिसत होती. त्या परडी घेऊन खुर्चीकडे वळल्या.

"बाय," दारातून धाकू म्हणाला, "देव तिथं नको ठेवू."

"का रे?"

धाकूने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "मी दोन उन्हाले दोरीचा पंखा वढलाय त्या बंगल्यान. ही खुर्ची न्हाणीच्या बाजूच्या खोलीन असायची. साहेब सकालचा बसायचा तिच्यावर. खाली भांडं असायचं."

"कसलं भांडं?"

धाकू परसाकडे पाहत राहिला. "ते भांडं उचलायला येगला मानूस यायचा," तो हळूच म्हणाला.

सगुणाबाईंच्या आधी काही ध्यानात आलं नाही. मग आलं. त्यांनी परडी छातीशी धरली, दोन पावलं मागे सरल्या आणि ती भिंतीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

"मग ठाण्यालाच का नाही बोललास?"

"रावसाहेबांनी इचारलं नाय. मना म्हनले, जपून उचल, साहेबाची गादी हाय."

धाकू गूळपाणी घेऊन आपल्या गावाला निघून गेला. सगुणाबाईंनी विहिरीवर जाऊन हातपाय धुतले, आणि थोड्या वेळाने आठवण होऊन पुन्हा धुतले.

संध्याकाळी त्र्यंबकराव घरी आले ते थेट खुर्चीवर बसले. बैठक उचलून त्यांनी आपल्या नेमणुकीचा हुकूम आणि तीन साहेबांची शिफारसपत्रं कप्प्यात ठेवली आणि ते पुन्हा बसले.

"त्या खुर्चीबद्दल एक सांगायचं होतं," सगुणाबाई म्हणाल्या.

"तिला पाणी लावू नकोस. लाकूड फुगतं."

"धाकू म्हणत होता की..."

"धाकू म्हणत होता," त्र्यंबकरावांनी ते शब्द चिमटीत धरावेत तसे उच्चारले. "सरकारी अंमलदाराच्या चीजवस्तूबद्दल आता धाकू मला सांगणार. आणि तू ते ऐकून मला सांगणार. पान वाढ."

सगुणाबाईंनी पान वाढलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची ओसरीवर आली आणि आळीत बातमी पसरली. नवे अव्वल कारकून साहेबाची खुर्ची घेऊन आलेत. पेन्शनर आले, वकील आले, सावकार आले. संध्याकाळ झाली की ओसरी माणसांनी भरून जायची. त्र्यंबकराव पाहुण्यांना खुर्ची दाखवायचे, गुप्त कप्पा दाखवायचे, आणि माणूस जरा वजनदार असला तर घटकाभर बसूही द्यायचे. बसलेला माणूस उठला की थोडा उंच झाल्यासारखा चालायचा.

ओसरी अशी गेल्यामुळे तिथली गाठोडी माजघरात आली आणि माजघरातले हारे स्वयंपाकघरात. सगुणाबाई त्यांच्यामधून आडव्या होऊन चालत. दहा दिवस झाले तरी लोणच्याची बरणी सापडली नव्हती. मीठ सापडलं ते पितांबराच्या घडीत. दळायला त्या शेजारच्या रखमाबाईंकडे जात. रखमाबाई वयाने मोठ्या, जीभ त्याहून मोठी.

"सगुणा, एक काम कर," जात्याला घास घालताना त्या म्हणाल्या. "आमच्या घरी ह्यांना बसायचंय गं त्या खुर्चीवर. स्वतःहून बोलायचे नाहीत. तू जरा तिकडे कानावर घाल."

"अहो, त्यात काही एवढं नाही हो."

"तुला नाही. तुमच्या घरचीच आहे ती."

त्या वेळी सगुणाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण रखमाबाईंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं, आणि हसं होणार ते आपल्याच कुंकवाचं. त्यांनी खुंटा धरला आणि जोराने दळायला लागल्या. दोन दिवसांनी रखमाबाईंचे यजमानही बसून गेले. मग तर बोलायची सोयच उरली नाही.

गोपीनाथशास्त्री आले ते एकादशीला. आळीत त्यांच्या शब्दाला मान होता. कुणाच्या ओटीवर चढावं आणि कुणाच्या चढू नये हे तेच ठरवत. ते खुर्चीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"म्लेच्छाची वस्तू," ते म्हणाले.

त्र्यंबकरावांचा चेहरा उतरला.

"परंतु लाकूड मूळचं आपल्या देशाचं. कातड्याचं म्हणाल, तर मृगाजिनावर ऋषी बसतच होते. वर एक धूतवस्त्र घाला. दोष राहत नाही."

धूतवस्त्र घातलं गेलं. शास्त्रीबुवा बसले, हात सिंहांच्या डोक्यांवर ठेवले आणि डोळे मिटले.

"बैठक मोकळी आहे," जरा वेळाने ते म्हणाले. "चित्त स्थिर होतं. काय कारण असेल ते असो, इथून उठावंसं वाटत नाही."

दाराआड सगुणाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं तरी आवाज येऊ दिला नाही.

पुढच्या पंधरवड्यात मुलींच्या शाळेचा बक्षीस समारंभ ठरला. ठाण्याहून एक असिस्टंट साहेब अध्यक्ष म्हणून येणार होता. शाळेत बाकं होती, एक डुगडुगतं स्टूल होतं. कमिटीची मंडळी त्र्यंबकरावांकडे आली आणि त्र्यंबकराव त्या दिवशी जेवताना स्वतःशीच हसत होते.

सगुणाबाई या खेपेला दारात उभ्याच राहिल्या. "ती खुर्ची शाळेत नेऊ नये, असं मला वाटतं."

"कारण?"

"साहेबांना आवडणार नाही."

"साहेबाला साहेबाची खुर्ची आवडणार नाही. मग काय तुझा पाट आवडेल?"

समारंभाला बायका चिकाच्या पडद्यामागे बसल्या होत्या. रखमाबाईंनी सगुणाबाईंना ओढून पुढच्या रांगेत नेलं. पडद्याच्या फटीतून सगळं दिसत होतं. खुर्ची मधोमध मांडली होती. पाठीला आंब्याचं तोरण, सिंहांच्या गळ्यात झेंडूच्या माळा.

साहेब तरुण होता. किडकिडीत, उन्हाने कान लाल झालेले. मुन्शीकडून शिकलेलं मराठी तो एकेक शब्द तोलून बोलायचा. नमस्कार घेत घेत तो पुढे आला आणि खुर्चीसमोर थबकला. त्याने हातातल्या छडीच्या टोकाने बैठक जराशी उचलली, आत पाहिलं आणि सावकाश खाली ठेवली. त्याचे कान आणखी लाल झाले.

"साहेबांनी आसनस्थ व्हावे," त्र्यंबकराव कमरेत वाकून म्हणाले.

"मी आभारी आहे," साहेब म्हणाला. "परंतु मला सध्या गरज नाही."

आणि तो उभा राहिला. साहेब उभा, म्हणून मामलेदार उठले. मामलेदार उठले, म्हणून वकील, सावकार, पेन्शनर सगळे उठले. मुलींनी कविता म्हटल्या, पाढे म्हटले, एकीने नकाशावर नद्या दाखवल्या. दीड तास सगळं गाव पायांवर उभं होतं. एका पेन्शनरांचे गुडघे लटपटत होते, ते दोघांनी दोन्ही बाजूंनी धरले होते. मधे खुर्ची तेवढी रिकामी.

निघताना साहेबाने विचारलं, "ही कोणाची आहे?"

त्र्यंबकराव पुढे झाले. साहेबाने तोंडाला रुमाल लावला आणि बराच वेळ खोकला. मग डोळे पुसून म्हणाला, "ही वस्तू चारचौघांत ठेवण्याची नाही. ही खाजगी ठेवावी."

संध्याकाळपर्यंत कल्याणात एकच बोलणं होतं. साहेबालासुद्धा त्या खुर्चीवर बसायचा धीर झाला नाही. "अधिकार लागतो," गोपीनाथशास्त्री म्हणाले. ते स्वतः तोवर चार वेळा बसले होते.

दिवेलागणीला त्र्यंबकराव घरी आले तेव्हा छाती पुढे होती. पण हात धुऊन ते माजघरात आले ते एक शब्द घोळवत. माणूस कारकून होता. जन्म वाक्यं वाचण्यात गेला होता.

"साहेबांनी 'गरज' हा शब्द का घातला असेल?" ते म्हणाले. "'इच्छा नाही' म्हणायचं. 'अवश्य नाही' म्हणायचं. 'गरज' इथे बसत नाही. मुन्शीने चुकीचा शिकवला वाटतं."

सगुणाबाई तांदूळ निवडत होत्या. "मुन्शीने बरोबर शिकवलाय," त्या म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी वर पाहिलं. मग सगुणाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि धाकूने सांगितलेलं सगळं सांगितलं, जसंच्या तसं. या वेळी मधे कुणी बोललं नाही.

"म्हणजे ते भोक," त्र्यंबकराव म्हणाले.

"हात घालायला नव्हे."

ते उठले. ओसरीवर जाऊन त्यांनी बैठक उचलली, दोन बोटांच्या चिमटीत नेमणुकीचा हुकूम बाहेर काढला, त्यामागून एकेक शिफारसपत्र, आणि परसात नेऊन ते कागद ओळीने विहिरीच्या कठड्यावर वाऱ्याला ठेवले, प्रत्येकावर एक खडा. मग परत येऊन त्यांनी माजघराचं दार लोटून घेतलं.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"धाकूला आणि मला. आजपासून साहेबांना."

"शास्त्रीबुवा तीनदा बसलेत."

"चारदा."

"तू मला आधी..." त्र्यंबकराव बोलता बोलता थांबले. सगुणाबाई नुसत्या त्यांच्याकडे पाहत होत्या. "सांगायला आली होतीस," ते म्हणाले. "मीच ऐकलं नाही."

असं काही त्यांच्या तोंडून सगुणाबाईंनी पूर्वी ऐकलं नव्हतं. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

रात्रभरात त्र्यंबकरावांनी ठरवलं की खुर्ची फोडून बंबात घालायची. पण सकाळी अंघोळ होते न होते तोच गोपीनाथशास्त्री दारात उभे.

"चातुर्मासात मी माझ्या ओटीवर पुराण सांगतो," शास्त्रीबुवा म्हणाले. "यंदा त्या आसनावरून सांगावं म्हणतो."

"बुवा, ती जुनी आहे. तिचा एक पाय..."

"चारी मजबूत आहेत. मी पाहिलेत."

"तसं नव्हे. त्या खुर्चीचा पूर्वेतिहास जरा..."

"मी दोष काढलाय तिचा," शास्त्रीबुवा करड्या आवाजात म्हणाले. "माझ्या निर्णयावर शंका आहे का तुम्हांला?"

त्र्यंबकरावांनी घाम पुसला. शंका आहे म्हणावं तर बुवांचा अपमान, आणि खरं सांगावं तर गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"द्यावी," आतून सगुणाबाईंचा शांत आवाज आला. "इथे तशी अडचणच होते आहे."

"कायमची घेऊन जा," त्र्यंबकराव घाईने म्हणाले. "फक्त माझं नाव कुठे घेऊ नका. कृपा करा. कुणालाही सांगू नका, कुणी दिली ते."

शास्त्रीबुवा गहिवरले. आजकाल लोक देवळाच्या घंटेवरही नाव कोरून घेतात, ते म्हणाले, आणि इथे एक माणूस असं दान देतो आणि नाव नको म्हणतो. दुपारपर्यंत त्यांनी ही गोष्ट नावासकट सगळ्या आळीत सांगितली. महिन्याभरात त्र्यंबकरावांना शाळेच्या कमिटीवर घेतलं, आणि गावात त्यांना निरिच्छ माणूस म्हणू लागले. ते ऐकलं की त्र्यंबकराव जमिनीकडे पाहत, त्यामुळे तो लौकिक आणखीच वाढे.

खुर्ची गेली त्या दुपारी सगुणाबाईंनी ओसरी झाडली, दोनदा शेणाने सारवली आणि वाळल्यावर एकेक गाठोडं तिथे आणून सोडलं. संध्याकाळी त्र्यंबकराव कचेरीतून आले, त्यांनी उपरणं खुंटीला लावलं आणि काही न सांगता स्वयंपाकघरातले हारे उचलून माजघरात आणायला लागले.

आषाढी एकादशीला पुराण सुरू झालं. शास्त्रीबुवांच्या ओटीवर बायकांची गर्दी झाली. त्या आत शिरत, आसनाच्या पायाशी फूल वाहत, डोकं टेकत आणि मग बसायला जागा शोधत. रखमाबाईंनी सगुणाबाईंच्या हातात फुलं दिली.

"चल, नमस्कार करून येऊ."

"मी इथूनच करते," सगुणाबाई म्हणाल्या आणि दाराजवळ, वारा येत होता तिथे बसल्या.

शास्त्रीबुवांनी हात सिंहांच्या डोक्यांवर ठेवले, घसा खाकरला आणि पोथी उघडली. पुराण मात्र ते छान सांगत.