नवरोजचे मासे

नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, तेराव्या दिवशी अख्खं हमदान शहर घरं सोडून हिरवळीवर जमतं. मोझगाननं ओढ्याकाठी सतरंजी अंथरली आणि मागे वळून बघते तो काय, तिच्या सासूबाई तूबा खानम लोणच्याची रिकामी बरणी हातात धरून हसत होत्या.

"सोडले बाई सगळे! तेवढंच पुण्य."

"काय सोडलं, आई?"

"अगं, मासे! आपले नवरोजचे."

मोझगानच्या पायाखालची जमीन सरकली. नवरोजच्या मांडणीतला लाल मासा आज वाहत्या पाण्यात सोडायचा, ही रीतच होती. पण यंदा तो आणलाच नव्हता. घरात होते ते तिच्या काचेच्या टाकीतले निऑन टेट्रा; बोटाच्या पेराएवढे, कोमट पाण्यात जिवापाड जपलेले.

"आई, ते माझ्या टाकीतले होते!"

"मग? तूच म्हणालीस ना, वेगळा मासा कशाला, यंदा हेच आपले नवरोजचे? आता माझ्यावर डोळे कसले वटारतेस?"

मोझगान ओढ्याकडे धावली. पाणी डोंगरावरच्या बर्फाचं. हात घातला तर बोटं बधिर झाली. दगडाआड तो सगळा थवा एकमेकांना चिकटून थांबला होता.

"बघ, इथंही एकमेकांना सोडत नाहीत," सासूबाई मागून कौतुकानं म्हणाल्या. "किती खूश आहेत!"

भ्याले की ते असेच बिलगतात, हे सांगायला मोझगाननं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पहिल्या माशाचं पांढरं पोट वर आलं.