निवाडा माझ्यासमोर उभा राहिला

मी एक जुना मायक्रोफोन आहे. आता कपाटाच्या तळच्या खणात, फोमच्या पेटीत पडून असतो. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही, पण माझ्यातून गेलेले आवाज मात्र कधी ना कधी नक्की ऐकले असतील.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात केसाहून पातळ पडदा बसवला. बसवताना तिने श्वास रोखून धरला होता. मग मला जाळी लागली आणि मला ऐकू येऊ लागले. बोलता मात्र मला कधीच आले नाही.

तिथून मी एका रेकॉर्डिंग स्टुडिओत आलो. खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड गाद्या होत्या आणि दार लागले की आत चिडीचूप. समोर मोठी काच आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. त्यांना सगळे बटणराव म्हणत, कारण डबा खातानाही त्यांचा एक हात बटणांवर असे. त्या बटणांना दुसऱ्या कुणी बोट लावलेले त्यांना खपत नसे.

आमच्याकडे वीरांच्या एका ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचे मराठी आवाज भरले जात. पडद्यावर चित्रे हलत आणि कलाकार माझ्याभोवती कोंडाळे करून त्या ओठांशी आपले बोलणे जुळवत. भुकेने कुणाचे पोट गुरगुरले तरी मला ऐकू येई. मग बटणराव सगळे थांबवत, आणि हसून हसून सगळ्यांची पुरेवाट होई.

त्या वीरांचा म्होरक्या होता कप्तान. त्याचा आवाज आमच्या काकांचा. त्यांना लहानथोर सगळे काकाच म्हणत. आवाज कसा खणखणीत! मधल्या सुट्टीत ते माझ्याशेजारच्या स्टुलावर बसून दूर राहणाऱ्या नातीला फोन लावत आणि कप्तानाच्या थाटात विचारत, "काय सैनिक, दूध संपवलं की कुंडीत ओतलं?" पलीकडून खिदळणे ऐकू येई. ते खिदळणे मला फार आवडायचे.

मग काकांच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. कप्तानाचे काम एका तरुण कलाकाराला मिळाले. कामाची रीतही बदलली. आता एकेकटा कलाकार येई, आपापली वाक्ये बोले आणि निघून जाई. माझ्याभोवतीचे कोंडाळे मोडले ते मोडलेच. आवाज येत राहिले, पण कुणी कुणाला उत्तर देताना मला ऐकू येईना.

पुष्कळ महिन्यांनी काका आले ते आपला मफलर आणि पाण्याची बाटली न्यायला. खोलीत दुसरे कुणी नव्हते. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "काय रे, बरा आहेस ना?"

मी ओळखलेच नाही! फरशीवरून लोखंडी ट्रंक ओढावी तसा तो आवाज होता.

माझी तार जोडलेली होती. काचेपलीकडे बसलेल्या दिग्दर्शक बाईंनी ते ऐकले आणि त्या धावतच आत आल्या. "काका, परत बोला!"

"आता काय बोलू? बोलण्यासारखं राहिलंय काय?"

"मालिकेत निवाडा येतोय. किती जणांना बोलावून पाहिलं, सगळे नुसते ओरडतात. ओरडणाऱ्याला कोण भितं?"

निवाडा म्हणजे कोण, ते बाईंनी समजावले. तो चोर नाही आणि वीरही नाही. गुन्हेगारांना तो स्वतःच गाठतो आणि स्वतःच शिक्षा देतो. शरण आलेल्या एका दरोडेखोराला कप्तानाने जीवदान दिले, म्हणून आता तो कप्तानावरच उलटला आहे.

काका खिन्न हसले. "म्हणजे मी माझ्याच कप्तानावर चालून जायचं?"

"तो आता तुमचा कुठे राहिलाय?" बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

काका बराच वेळ मफलरची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "कागद द्या."

तो प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो. पडद्यावर कप्तान एकटा बसलेला आहे. एकेक दिवा विझतो. दारात कुणीतरी उभे आहे, पण हलत नाही. काका माझ्या अगदी जवळ आले. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर दमट झाला. आणि ओरडणे तर सोडाच, ते जवळजवळ कुजबुजले,

"तुझा आवाज लोकांना आवडतो, कप्तान. म्हणून तुझं खरं ठरतं. माझा कुणालाच नको आहे. म्हणून मी दार वाजवत नाही."

बटणरावांचा हात पहिल्यांदाच बटणांवरून खाली आला. काका मात्र कानांवरच्या हेडफोनमधून कप्तानाचे उत्तर ऐकत उभे राहिले. ते त्या तरुणाने आधीच बोलून ठेवले होते. समोर माणूस असा कुणी नव्हताच.

भाग दाखवला गेला आणि निवाड्याचा बोलबाला झाला. मुले म्हणे पलंगाखाली वाकून बघितल्याशिवाय झोपेनात. सगळ्यांनी काकांची पाठ थोपटली. ते हसले, पण सुट्टीत त्यांचा फोन खिशातून बाहेर निघाला नाही.

"काका, नातीला फोन नाही हल्ली?" बटणरावांनी विचारले.

"लेकीला सांगितलंय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

"ती मनाई तर कधीच उठली ना!"

"तिला कप्तान आजोबा ठाऊक आहेत हो. हा कोण आला, म्हणेल."

मला तोंड असते, तर मीही काहीतरी म्हणालो असतो.

एके दिवशी काम चालू असताना काचेपलीकडे काकांची लेक येऊन उभी राहिली, न कळवता. सोबत ती नात होती. आत काका निवाडा होऊन बोलत होते. मुलीने आधी आवाज ऐकला आणि मग तो कोणाच्या तोंडून येतो आहे ते पाहिले. ती झटकन आईच्या मागे गेली.

काकांनी ते पाहिले. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि ते मान खाली घालून मफलर गुंडाळू लागले.

"बाबा, थांबा," असे लेकीचे ओठ हलले. पण दार बंद होते. आत काही ऐकू आले नाही.

तेवढ्यात बटणरावांनी त्या मुलीला उचलून आपल्या खुर्चीवर बसवले. "हे बटण दाबून बोललं की आतल्या स्पीकरमधून ऐकू जातं," ते स्वतः बटण दाबून म्हणाले. तिने दोन्ही अंगठ्यांनी ते दाबले.

"निवाडा, ऐकतोयस का?"

काकांचे हात थांबले. ते माझ्याकडे वळले. "ऐकतोय."

"आमच्या आजोबांना कुठे ठेवलंस?"

काका माझ्या जाळीपाशी वाकले.

"इथेच आहेत ते. बाहेर यायला घाबरतात."

"का?"

"त्यांचा आवाज असा झालाय ना. तू पळून जाशील, असं वाटतं त्यांना."

"मी पळाले नाही. आईचा हात धरलाय फक्त." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि त्यांना सांग, फोन केला नाही म्हणून मी रागावलेय."

"ते तूच सांग त्यांना," काका म्हणाले. ते जड दार त्यांनी स्वतः उघडून धरले.

भीती काही लगेच गेली नाही. त्या दिवशी ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि काका काही बोलले की त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत राहिली. पण निघताना तिने त्यांना बजावले, "उद्या फोन करा. मात्र हळू बोला." सुट्टीतला फोन पुन्हा सुरू झाला.

निवाड्याची गोष्ट संपली तशी काकांचे येणेही संपले. ते लेकीच्या गावी राहायला गेले. पुढे दमट हवेने माझ्या पडद्यातून खरखर येऊ लागली. नवा मायक्रोफोन आला आणि बटणरावांनी मला पुसून या पेटीत ठेवले. इथे ऐकण्यासारखे फारसे काही नाही. झाडणाऱ्या बाईंच्या चपला येतात आणि जातात. पुष्कळ आवाज ऐकलेल्याला असली शांतता फार लांब वाटते.

मित्रांनो, माझ्यासारखे एखादे यंत्र हाती आले, तर त्यावर टिचक्या मारू नका, फू फू करून बघू नका, आणि ते ओलीत ठेवू नका. त्याहून मोठे मागणे पुढेच आहे. तुमच्या घरात कुणाचा आवाज बसला असेल, कापत असेल, बोलताना अडखळत असेल. ते माणूस आपण होऊन गप्प झाले असेल. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि काहीतरी विचारा. उत्तराला वेळ लागला, तरी उठून जाऊ नका.