हाडं द्यायला आलेली माणसं

आमच्या ह्यांच्या कमरेच्या मणक्यात एक पोकळी आहे आणि तिच्यात पाणी भरलंय, असं डॉक्टर सलूजांनी सांगितलं, तेव्हा मी ह्यांना आधी बजावलं की यातलं अक्षरही मंडळात बोलायचं नाही. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात कुणी शिंकलं तरी तीन घरांतून काढा येतो. मला काढे नको होते. मला नवरा धड हवा होता.

नोएडाचा फ्लॅट नुकताच ताब्यात आला होता. तिकडे न्यायला ट्रंका उचलताना ह्यांची पाठ धरली, ती सुटेचना. मग एमआरआय झाला आणि त्यात ही गाठ सापडली. "साधी सिस्टच दिसते, भाभीजी," सलूजा हिंदीत म्हणाले, "पण उघडल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही." मणक्याची भिंत आतून पापडासारखी पातळ झाली होती. ती खचली आणि नसा दाबल्या गेल्या, तर पाय जायची भीती. म्हणून उघडायचं, आतून खरवडायचं आणि हाडाचे तुकडे भरायचे. मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन भाजी जाळली.

ह्यांच्या पोटात काही राहील तर शपथ! मंडळाच्या चिटणीसांना, गुणवंतरावांना, ह्यांनी फोन केलाच. म्हणाले, "ऑपरेशन आहे. हाड भरावं लागणार आहे." आता, आमच्या मंडळाची रीत अशी की इथे सख्खं कुणी जवळ नसतं, म्हणून कुणाला रक्त लागलं की गुणवंतराव आरतीनंतर उभे राहतात आणि हात वर करायला लावतात. दिवस गणपतीचे होते. त्यांनी सवयीने तेच केलं. रक्ताच्या जागी फक्त हाड म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी मी आणि आमची सलोनी बाकावर बसलो होतो. लिफ्ट उघडली आणि अख्खं मंडळ बाहेर पडलं. गुणवंतराव थेट नर्सपुढे जाऊन म्हणाले, "सिस्टर, हम हड्डी देने आए हैं."

"कौन सी?" नर्सने विचारलं.

"जो चाहिए!"

उल्हास नावाचा तगडा गडी बाह्या सरसावून तयारच होता. सत्तरीच्या सरलाताई मला म्हणाल्या, "प्रभा, गुडघे माझे गेलेत गं, पण खुबा शाबूत आहे. तिथलं घ्यायला सांग."

"आई, यार, ये लोग सीरियस हैं?" सलोनी कुजबुजली. मला आधी संताप आला. मग इतकं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. हाड ह्यांच्याच कमरेचं काढणार आहेत, हे मी समजावलं, तर मंडळींचे चेहरे उतरले. शेवटी नर्सलाच दया आली. "खून दे दीजिए," ती म्हणाली. सगळे खुशीत तिच्यामागे गेले. सरलाताईंना वयामुळे परत पाठवलं, तेव्हा त्या तिच्याशी भांडल्या.

दुपार झाली तरी कुणी हललं नाही. माझं हसू केव्हाच आटलं होतं. सलूजा बाहेर आले तशी मी उठून पुढे झाले.

"साफ पानी था, भाभीजी. कुछ बुरा नहीं निकला. टुकडा जाँच में भी साफ है."

"और पैर?"

"होश आ रहा है. खुद ही पूछ लीजिए."

मी आत गेले. ह्यांचे डोळे अर्धवट उघडे होते. "कुणाचं हाड घातलं?" ह्यांनी विचारलं. म्हणजे मंडळ हाडं द्यायला येणार, हे ह्यांना आधीच ठाऊक होतं!

"तुमचंच."

"वाचलो. गुणवंतचं घातलं असतं, तर रोज भाषण करत सुटलो असतो."

"पाय हलवा आधी," मी दरडावलं. चादर बाजूला केली. काहीच हललं नाही. मी श्वास धरून उभी. मग उजवा अंगठा हलला. मग डाव्या पायाची पाचही बोटं.

मी बाहेर आले. सगळे उठून उभे राहिले. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून मी चपला काढल्या आणि स्वतःच्या पायांची बोटं हलवून दाखवली. गुणवंतरावांनी कशीबशी "गणपती बाप्पा" अशी आरोळी ठोकली. "मोरया!" मजलाभर ऐकू जाईल असं मी एकटीच ओरडले. बाकी सगळे रडत होते.