सरळ रेषेतलं दंव

गोठलेलं दंव पडलं, गहू गेला, संपलं. दोन हंगाम क्लेमने हेच घोकलं. माझा नवरा आहे म्हणून सांगते, एकदा डोक्यात घेतलं की देवाचंही ऐकायचा नाही. टेकाडावरचं वाळूचं रान तो नाताळात धाकट्या भावाला, लॉर्नला विकणार होता. सासऱ्यांनी झुडपं उपटून हाताने तयार केलेलं रान ते. माझा जीव तुटत होता.

मी म्हणाले, दंव खाली ओढ्याकाठी बसतं. तिथला गहू भरला आणि टेकाडावरचा पोचट, हे कसं? उत्तर काय, तर त्याने आणखी युरिया फेकला. पीक हिरवंगार, ताठ उभं, ओंब्यांत नुसता भुसा.

ऑगस्टअखेरीस, इकडचा हिवाळा सरताना, मी स्वतः रानात गेले. कोवळ्या पानांचे शेंडे पांढरे, पिळवटलेले. जुन्या शेडमागचा खाटेएवढा तुकडा मात्र ठणठणीत. सासरे तिथे गव्हाच्या काणी रोगावर उपाय म्हणून पिंपात मोरचुदाच्या पाण्यात बियाणं भिजवायचे आणि उरलेलं निळं पाणी तिथंच ओतायचे. मोरचूद म्हणजे तांबंच की! ते पिंप 'म्हाताऱ्याचं खूळ' म्हणून क्लेमने मला भंगारात द्यायला सांगितलं होतं.

मी कृषी खात्यात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, या वाळूत तांबं नसतं, आणि युरियाने पीक फोफावलं की ते आणखी अपुरं पडतं. मग परागच वांझ होतात, दाणा धरणार कुठून?

मी बागेचा पंप पाठीला अडकवला आणि मोरचूद-चुन्याचं, द्राक्षांवर मारतात तसलं पातळ पाणी या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत एका सरळ पट्ट्यात फवारलं. क्लेमने विचारलं, द्राक्षं लावलीस की काय. मी म्हटलं, नोव्हेंबरात सांगते.

नोव्हेंबरात, कापणीच्या तोंडावर, लॉर्न विक्रीचे कागद घेऊन आला. मी दोघांना रानात नेलं. दोन्ही बाजूंना ताठ गहू, मधला पट्टा वाकलेला. क्लेमने बाजूच्या ओंब्या चोळल्या, फूस उडाली. पट्ट्यातल्या चोळल्या आणि ओंजळ भरली.

"बघ, दंव कसं पट्टी लावून पडलंय," मी म्हणाले.

त्याने दाणे चावून पाहिले. मग लॉर्नला म्हणाला, "कागद ठेव खिशात. रान विकायचं नाही." आणि माझ्याकडे न बघता, "डॅडचं ते पिंप आता कुठं मिळायचं?"

"परसात आहे. लिंबू लावलंय त्यात. मी ते भंगारात दिलंच नव्हतं."