हात न लावलेली गाठ

सत्यवतीअक्कांचं सोवळं म्हणजे बसवनगुडीतल्या त्या गल्लीत थट्टेवारी न्यायची गोष्ट नव्हती. सकाळची पूजा आटोपली की सोवळ्यातच त्या दाराशी यायच्या आणि केंपाला दहीभात घालायच्या. घालायच्या कसल्या, वरून टाकायच्या! केंपा म्हणजे गल्लीतला तांबूस कुत्रा. त्याने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा नुसता विचार केला, तरी अक्कांचा हात वर व्हायचा, "हां! तिथंच!" तोही शहाणा, तिथंच बसायचा. कित्येक वर्षं दोघांचं असं छान चाललं होतं.

त्याच्या पुढच्या पायावर, पंजाच्या जरा वर गाठ आली, ती आधी अक्कांनीच पाहिली. "कुणाशी तरी भांडून आलास ना मेल्या," म्हणत त्यांनी भातावर तूप जास्त सोडलं. गाठ सुपारीएवढी होती ती लिंबाएवढी झाली. समोरच्या विमलाबाईंनी पाहिली, इस्त्रीवाल्याने पाहिली, अख्ख्या गल्लीने पाहिली. हात मात्र कुणी लावला नाही. केंपा लंगडत नव्हता, कण्हत नव्हता, पोटभर जेवत होता. मग कशाला कोण बघतंय!

हात लावला स्वानंदीने. ही अक्कांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू, पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी ती फाटकाशी केंपाला खाजवत बसली होती.

"अक्का, ही गाठ हलतच नाहीये. आत चिकटलीये. याला डॉक्टरकडे न्यायलाच हवं."

अक्काही निघाल्या. रिक्षात पदर गोळा करून पार टोकाला बसल्या, केंपाचा केससुद्धा लागू न देता.

डॉक्टर महांतेशांनी सुईने गाठीतल्या पेशी काढल्या, छातीचा एक्स-रे घेतला. तपासणी होऊन आल्यावर त्यांनी दोघींना समोर बसवलं. गळू नव्हतं ते. कातडीखालच्या मऊ मांसातला कॅन्सर होता. छाती स्वच्छ होती. हा शरीरभर सहसा लवकर पसरत नाही, म्हणाले, पण जागच्या जागी मुळं धरतो. मुळांसकट काढायचा तर भोवतालचंही बरंच काढावं लागतं, आणि तिथं पायाला जास्तीची कातडी असते कुठे!

"गाठ लहान होती तेव्हा याला आणला असता तर पाय वाचवून बघितला असता. आता पायच काढावा लागेल."

"काढा मग," अक्का म्हणाल्या.

"काढतो. पण अक्का, तीन पायांचा कुत्रा या ट्रॅफिकमध्ये टिकायचा नाही. तो राहणार कुणाच्या घरात, ते आधी सांगा."

स्वानंदी चाचरत म्हणाली, "मी ठेवला असता हो. पण तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्येच आहे ना, कुत्रं चालणार नाही म्हणून."

अक्का पदर सावरून उठल्या. घरी येऊन पान वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. सासूने सोपवलेलं देवघर, जन्मभर जपलेलं सोवळं, आणि त्यात हे कुत्रं! ठेवायचं कुठं? अन् नाही ठेवलं तर? रोज पाहत होते मी, त्यांना वाटलं, रोज! एक बोट लावून पाहिलं असतं तर! स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

सकाळी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "घर माझं. करा ऑपरेशन."

केंपा परत आला तेव्हा अक्का नुकत्याच पूजेवरून उठल्या होत्या. स्वानंदीने त्याला फाटकाच्या आत उतरवलं. एका बाजूला झोकांड्या खात, तीन पायांवर तो दारापर्यंत आला आणि उंबऱ्याबाहेर बसला.

"ये रे," अक्का आतून म्हणाल्या. मग त्याच्या ओळखीच्या कानडीत, "बा, बा! आत ये राजा."

केंपाने शेपूट हलवलं. जागचा काही हलला नाही.

"उचलून आणू का?" स्वानंदीने विचारलं.

"नको. मीच बसवलंय त्याला तिथं."

सोवळ्यातच अक्का उंबरा ओलांडून बाहेर आल्या, गुडघे धरत खाली बसल्या आणि त्याच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. केंपाने कान पाडले, डोळे मिटले आणि अंग चोरलं. वर झालेला हा हात त्याने आजवर अडवतानाच पाहिला होता.

अक्कांना रडू आवरेना. त्यांनी हात त्याच्या डोक्यावर टेकवला आणि त्याचं थरथरणं थांबेपर्यंत तिथंच ठेवला.