सोमोएचं उघडं तोंड

नेवाला गावच्या बागेतले आंबे कीड लागून उभ्या उभ्या वाळले, तेव्हा गावाने ते मुळासकट काढले नाहीत. वरून छाटले, खोडं तशीच ठेवली आणि गल्लीगल्लीला एकेक वाटून दिलं, की कोरा काय कोरायचं ते. फाटकाजवळचं खोड सुफियानीच्या गल्लीला आलं. बायाबाप्यांनी मिळून साल काढली, पोरांनी बुडाशी कासवं कोरली, पण वरचा भाग सुफियानीने कुणाला शिवू दिला नाही. ताडपत्री गुंडाळून आत एकटाच ठोकत बसला. ताडपत्री उतरली आणि आतून निघाली सोमोए. डोक्यावर विटुंबुआंची, तांदळाच्या गोड अप्प्यांची, परात, आणि आरोळी ठोकताना तोंड एवढं उघडं की आत नारळ मावावा.

सोमोए त्याची आतेबहीण. मकोंडे लोकांमध्ये मामे-आते भावंडांचं नातंच मुळी थट्टेचं. एकाने टर उडवायची, दुसऱ्याने ती व्याजासकट परत करायची. मयतीतसुद्धा मेलेल्याची नक्कल करून लोकांना हसवायचं. रागावायचं कुणी नाही. जो रागावला, त्याने नातं तोडलं असं समजायचं. सुफियानीला तोंडावर ‘टकल्या’ म्हणणारी ही एवढी एकच उरली होती. बाकीची सगळी मातीखाली गेली होती.

तेव्हा सोमोए आता काय बोलते, हे ऐकायला अर्धं गाव फाटकाशी जमलं. ती आली. खोडाभोवती फिरली. लाकडाच्या तोंडात हात घालून पडलेल्या दाताची जागा चाचपून पाहिली. म्हणाली, “हं.” आणि विटुंबुआ तळायला निघून गेली.

त्या ‘हं’ने सुफियानीची झोप उडवली. दुसऱ्या दिवशी तो तिच्या चुलीशी गेला, तर तिने गरम गरम चार पानावर वाढले आणि म्हणाली, “घ्या. गोड कमी वाटलं तर सांगा हं.”

घ्या. सांगा. जन्मात कधी तिने त्याला अहो-जाहो केलं नव्हतं.

शेजारच्या खोडावर मगर कोरणारा नांदोंगा म्हणाला, “गेली बाबा तुझी बहीण हातची. नाक तरी जरा सरळ काढायचंस.”

“नाक तिचं तसंच आहे.”

“म्हणून तर.”

मग एका सकाळी लाकडी सोमोएच्या हनुवटीखालून डोक्यापर्यंत पांढरी पट्टी बांधलेली दिसली.

“दाढ दुखत असेल बाईची,” नांदोंगा म्हणाला.

सुफियानी पट्टीकडे बघत राहिला. एवढ्या उंच चढून कुणी बांधली, आणि कशाला? पोरांना विचारलं, पोरं हसत पळाली. सोमोएला विचारलं, तर म्हणे, “आम्हाला काय माहीत, तुमचं लाकूड.”

दुसऱ्या दिवशी पट्टी होतीच, शिवाय दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे. जबडा बांधणं, नाकात कापूस हे कुणाला करतात ते त्याला सांगायला नको होतं. आपण बहिणीला जिवंतपणी लाकडात घातलं आणि तिने स्वतःला मेलेलं धरलं, असंच त्याला वाटलं.

तेवढ्यात फाटकातून बायांचा घोळका आला. काखेत चटया, डोक्याला काळी फडकी, आणि सगळ्यांत पुढे स्वतः सोमोए, हातात रिकामी परात, गळा काढून रडत. “गेली गं गेली, कसली गुणाची बाई होती.” बायांनी खोडाखाली चटया अंथरल्या. सोमोए मधोमध ऐसपैस बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, “चल, कर आता.”

“काय करू?”

“मामेभाऊ ना तू? मयताची नक्कल कोण करणार मग, मगर? मी खरी मरेन तेव्हा तू माझी नक्कल करशील, सारं गाव पोट धरून हसेल, आणि बघायला मीच नसेन. हा कुठला न्याय? तोंड तर कोरलंस. ते चालतं-बोलतं कसं ते मला आज बघू दे.”

तिचं ‘तू’ कानावर पडलं आणि सुफियानीचा जीव भांड्यात पडला. त्याने तिचीच परात डोक्यावर घेतली. डावा पाय ओढत, कंबरेत वाकून, बागेला चक्कर मारली. अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या रस्त्यावरून एक गिऱ्हाईक खरंच आलं. बाया चटयांवर लोळल्या. सोमोए मात्र हसली नाही. मान वाकडी करून, दुकानात कापड निरखावं तशी बघत होती.

“आवाज माझाच,” ती म्हणाली. “पण मी इतकी वाकते?”

सुफियानीने परात खाली ठेवली.

“वाकतेस.”

“कधीपासून?”

“मागचे दोन पावसाळे. लाकडात मी सरळच ठेवलीय तुला.”

तिने वर बघितलं. लाकडी सोमोए खरोखरच ताठ उभी होती, आणि हे आतापर्यंत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली, परात उचलली.

“टकल्या,” जाता जाता म्हणाली, “तो कापूस तेवढा काढ. श्वास कोंडतोय माझा.”