गोळीचं व्रत

"काऊन रे इंदर, तुह्या तोंडाले हळद कोणं लावली?"

ओट्यावर बसलेल्या गोजरबाईनं लेकाला पाहिल्याबरोबर हेच विचारलं. नागपूरहून मलकापूरपर्यंत रेल्वे, तिथून बुलढाण्याची एसटी, मग धाडची एसटी, असा अंग आंबवत इंद्रभान दिवाळीला घरी पोचला होता. हळद कसली, तोंडावर नुसती धूळ होती.

"धूळ हाये ते, माय."

"अन सदरा? सदराही पिवळाच दिसते तुहा."

सदरा पांढरा होता. शेजारची तानाबाई ओट्याला टेकून उभी होती, ती म्हणाली, "कावीळ झाली तिले. दुधाले पिवळं म्हणते. खाल्लेलं पोटात ठरत नाही. मी उतरवून आणली, तरी गुण नाही. आता तू आला ना डाक्टर, तूच पाहा."

इंद्रभानला हा शब्द ऐकला की आणखी थकायला व्हायचं. गावानं त्याला मेडिकल कॉलेजात पाऊल टाकलं त्याच दिवशी डॉक्टर करून टाकलं होतं. कॉलेजची मात्र तशी काही घाई नव्हती. फार्माकॉलॉजी, म्हणजे कोणतं औषध शरीरात जाऊन काय करतं ते सांगणारा विषय, त्यानं इंद्रभानला दोनदा आपटलं होतं. बरोबरीची पोरं वॉर्डात हिंडायला लागली आणि हा अजून काचेच्या खलात औषधं घोटत होता. दिवाळी झाली की तिसरी बारी. त्या परीक्षेला बसायचंच नाही, चिखलीला एखाद्या शाळेत मास्तर व्हायचं, हे थोरल्या भावाला कसं सांगावं याची जुळवाजुळव करतच तो आला होता.

त्यानं आईच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. डोळे पांढरेस्वच्छ होते. मग नाडी धरली. नाडी एक ठोका द्यायची आणि दुसऱ्याला विसरल्यासारखी थांबायची.

गेल्या बारीच्या तोंडी परीक्षेत हेच विचारलं होतं. डिजिटॅलिस, हृदयाचं औषध. जास्त झालं तर रोगी काय सांगेल? नाडी मंदावते, उलट्या होतात, एवढं त्यानं चाचरत सांगितलं. "आणि त्याला दिसतं काय?" असं परीक्षकांनी दोनदा विचारलं तेव्हा तो छताकडे बघत बसला. आता उत्तर समोर ओट्यावर बसलं होतं: सगळं पिवळं. आईला चालू असलेल्या गोळ्या त्याच औषधाच्या होत्या.

"माय, हृदयाच्या गोळ्या किती घेऊन राह्यली तू?"

"घेतो ना बापा, वेळच्या वेळी. नवरात्रात नाही घेतल्या तेवढ्या."

"काऊन?"

"उपास होता. तू पास व्हावं म्हणून धरला होता नऊ दिवसांचा, कडक. उपासाले गोळी चालते का? मंग दसऱ्यापासून खाडे भरून काढले. सकाळी एकीच्या जागी दोन, संध्याकाळीही दोन."

"खाडे?"

"गड्याचा खाडा पडला त तो भरून देते का नाही? डाक्टरनं महिन्याच्या दिल्या होत्या, महिन्यात संपवाले नको?"

तिनं हे इतक्या सरळपणे सांगितलं की रागावायलाही जागा राहिली नाही. लेक डॉक्टर व्हावा म्हणून तिनं औषध बंद केलं होतं, आणि मग प्रामाणिकपणे, एकही न चुकवता, त्याची भरपाई केली होती. इंद्रभानला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्हीतलं काहीच न करता तो गाडीची वेळ विचारायला उठला.

दिवाळी बुलढाण्याच्या दवाखान्यात गेली. गोळी बंद केली. गोजरबाईला सगळं पुन्हा ज्या त्या रंगाचं दिसायला लागलं, तोवर तिकडे नागपूरला परीक्षा होऊन गेली होती. भगवंतराव, थोरला भाऊ, डबा घेऊन यायचा. बाप गेल्यापासून घर त्याच्याच खांद्यावर होतं. एकदा डबा ठेवता ठेवता तो म्हणाला, "ह्या खेपेले तुहा दोष नाही. पण दोष कोनाचाही असो, पोट्टा नापास तो नापासच." एवढं बोलून तो डब्याचं झाकण शोधायला लागला.

घरी येताना डॉक्टरांनी बजावलं होतं: आता रोज एकच गोळी, चुकवायची नाही आणि वाढवायची नाही. पण गोजरबाईनं आता गोळीचा धसकाच घेतला. "हिनंच मले मारलं असतं," म्हणायची आणि तोंड मिटून घ्यायची. आठवडा गेला तसे पाय सुजले. न्हाणीपासून चुलीपर्यंत येताना ती मध्ये भिंत धरून उभी राहू लागली. भगवंतराव ओरडून दमला. इंद्रभाननं पुस्तक उघडून समजावलं, हृदय कसं चालतं ते हाताची मूठ वळून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. दोनदा नापास झालेल्या लेकाचं शास्त्र आईनं का ऐकावं?

शेवटी तो कंटाळून म्हणाला, "उपास धरला तवा मले विचारलं होतं? माह्यासाठीच धराचं असन त हे धर. रोज एक गोळी. ते व्रत समज."

ती उठून आत गेली. मग आंघोळ करून आली, देव्हाऱ्यापुढे बसली आणि चिखलीच्या रेणुकामायला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माय, पोरगा औषधाच्या परीक्षेत पास होईपर्यंत रोज एक गोळी घेईन. कमी नाही, जास्ती नाही."

"जन्मभर म्हण ना," इंद्रभान म्हणाला.

"जन्मभराचं व्रत नसते बापा. उद्यापन लागते. तू पास झाला की पाच सवाष्णी जेवू घालीन अन उरलेल्या गोळ्या नदीत सोडीन. देवीले दिलेला शब्द खालीवर नाही करता येत."

त्या वेळी इंद्रभानला एवढंच दिसलं की आईनं उजव्या हाताचा तळवा पुढे केला आहे, तीर्थ घेतात तसा, खाली डावा हात धरून. त्यानं त्यावर गोळी ठेवली. तिनं ती कपाळाला लावली आणि गिळली. त्या दिवसापासून एकही खाडा पडला नाही. पायांची सूज उतरली. ती चुलीपाशी बसून पुन्हा भाकरी थापू लागली. तो नसला की तानाबाई यायची गोळी हातावर ठेवायला. मास्तर होण्याची गोष्ट मग इंद्रभाननं काढलीच नाही.

उन्हाळ्यात तो परीक्षेला बसला. डिजिटॅलिसचं यंदा कोणी विचारलंही नाही. निकाल फळ्यावर लागला, त्यात त्याचा नंबर होता. त्यानं तो बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचला आणि झाडाखाली जाऊन नुसता बसून राहिला. आनंद म्हणावा तर अंगात त्राण नव्हतं. आईचं तोंड कसं फुलेल हेच मनात घोळवत तो गाडीत बसला, आणि मलकापूर येता येता त्याला गोळ्या सोडायची ती नदी आठवली.

धाडला उतरला तेव्हा ऊन कलत होतं. अंगण शेणानं सारवलेलं होतं. निकालाचा दिवस गोजरबाईला ठाऊक होता. पाच सवाष्णींसाठी खणही घरात येऊन पडले असावेत, कारण तानाबाई दारातच गोजरबाईला म्हणाली, "माह्या खणाले हिरवा रंग घेतला ना?" भगवंतराव बैलाला पाणी दाखवत होता, तो बादली धरून तसाच थांबला. गोळ्यांचा पत्र्याचा डबा देव्हाऱ्याखालून काढून उंबऱ्याशी आणून ठेवला होता. धुऊन, कुंकू लावून.

"काय झालं रे बापा?" गोजरबाईनं विचारलं.

इंद्रभाननं डब्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे. पाय सुकलेले, हाडकुळे, नीट होते.

"नाही झालो माय," तो म्हणाला.

भगवंतरावानं बादली खाली ठेवली. भावाकडे एकदा बघितलं आणि बैल घेऊन रानाकडे निघून गेला. त्याच्यामागे धावत जाऊन खरं सांगावं, असं इंद्रभानला फार वाटलं. पण भगवंतरावाच्या पोटात गोष्ट कधीच राहत नसे. तानाबाईही पदर सावरत आपल्या घरात गेली.

गोजरबाई उंबऱ्यावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं लपवलं नाही. थोड्या वेळानं उठून तिनं हातपाय धुतले, डबा पुन्हा देव्हाऱ्यापाशी नेला आणि लेकापुढे तळवा केला.

"तू यायचा म्हणून आजची घ्यायची ठेवली होती," ती म्हणाली. "वाटलं होतं, आज लागायची नाही."

त्यानं तिच्या तळव्यावर गोळी ठेवली. तिनं ती कपाळाला लावली, गिळली आणि ओला हात त्याच्या डोक्यावरून फिरवला.

"पुढच्या बारीले होशील."

"हो माय," इंद्रभान म्हणाला, आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.